चार लाखांचा क्लेम आणि भाजलेला हात

कुडाळजवळ काजू प्रक्रियेचा छोटा कारखाना चालवणाऱ्या एका वाचकाचं पत्र आलंय. मे महिन्यात ड्रायरजवळ आग लागली, ८ लाखांचा माल गेला. विमा २० लाखांचा असूनही कंपनी ४ लाखच देतेय. तेवढ्यावर सही करू की ग्राहक आयोगात जाऊ, असं ते विचारतात.

सही करा. नुकसान मोजणाऱ्या सर्व्हेअरचा हिशेब बरोबर आहे. आगीच्या वेळी आत ४० लाखांची बी आणि गर होते, हे तुमचंच स्टॉक स्टेटमेंट सांगतं. विमा निम्म्याचा, म्हणून भरपाईही निम्मी. छोट्या उद्योगांच्या पॉलिसीत १५ टक्क्यांपर्यंतची तूट माफ असते, तुमची तर ५० टक्के आहे. हा २० लाखांचा आकडा तुमच्या कॅश क्रेडिटचा, म्हणजे बँकेकडच्या खेळत्या भांडवलाच्या कर्जाचा. बँकेने आपलं कर्ज तेवढं झाकून घेतलं. वर 'कारखान्यालाही कव्हर' म्हणत वर्षाला १ लाख हप्त्याचा जीवन विमा तुमच्या गळ्यात मारला. हे वाचून संताप झाला. त्यातून जळलेल्या एका गोणीचेही पैसे मिळत नाहीत.

पण खरी गोष्ट पत्राच्या शेवटच्या ओळीत आहे. 'एका बाईचा हात भाजला, दवाखान्याचे २० हजार दिले, विषय मिटला.' तुम्ही पाठवलेल्या फोटोत काळ्या पडलेल्या गोण्यांमागे ती उभी आहे, पट्टी बांधलेला उजवा हात पदराआड धरून.

विषय मिटलेला नाही. कामगार सहाच, त्यामुळे ईएसआय, म्हणजे कामगारांचा सरकारी विमा नाही. मग कामावर झालेल्या इजेची भरपाई मालकाच्या खिशातून जाते. १९२३ पासून कायदा हेच सांगतो. तिचं वय ४०, पगार १२ हजार. त्याचे ६० टक्के ७,२००, कायद्याच्या तक्त्यातला वयाचा गुणक साधारण १८४, दोन्हींचा गुणाकार म्हणजे सव्वातेरा लाख. ही कायमच्या पूर्ण अपंगत्वाची रक्कम. काजू सोलणारीची बोटं नीट वळत नसतील आणि डॉक्टरांनी कमाईची क्षमता कायमची ३० टक्के घटली असं लिहिलं, तर ४ लाख. तुमचा अख्खा क्लेम! दवाखान्याचा खर्च त्यातून वजा होत नाही. महिन्याभरात भरपाई दिली नाही तर १२ टक्के व्याज, वर निम्म्यापर्यंत दंड. आणि ही रक्कम तिच्या हातात परस्पर ठेवू नका, कामगार भरपाईच्या अधिकाऱ्याकडे जमा करा. परस्पर दिलेली कायद्यात धरली जात नाही.

पुढच्या सीझनआधी मालाचा विमा भर मे महिन्यातल्या साठ्याएवढा करा आणि कामगार भरपाईची पॉलिसी घ्या. त्या जीवन विमा प्लॅनच्या एका लाखात दोन्ही बसून पैसे उरतील. प्लॅनची सरेंडर किंमत, म्हणजे तो मधेच बंद केला तर किती परत मिळतात ते, काढून मला कळवा.

त्याआधी, याच सोमवारी, तिला ओरोसच्या जिल्हा रुग्णालयात घेऊन जा. बोटं किती वळतात ते लिहून घ्या. त्या दिवसाची मजुरी कापू नका.