अलर्ट ज्याच्या हातात पडतो, त्याचा विचार कर

अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र मिळालं. लोअर परळच्या टॉवरांमधले बूस्टर पंप आणि रबाळ्याच्या कारखान्यांतल्या मोटरी, या सगळ्यांच्या ड्राइव्हवर, म्हणजे मोटरचा वेग कमी-जास्त करणाऱ्या पेट्यांवर, लांबून नजर ठेवायचं काम तुझ्याकडे आलं हे वाचून फार बरं वाटलं. डॅशबोर्ड कोणता घ्यावा असं तू विचारलं आहेस. ते तुमच्या ऑफिसात ठरेल. मला त्याआधीची गोष्ट सांगायची आहे. ड्राइव्ह ट्रिप झाल्यावर, म्हणजे बिघाड ओळखून आपणहून बंद पडल्यावर, निघालेला मेसेज ज्या माणसाकडे पोचतो, त्याला तो वाचून काय करायचं ते कळतं का? तुझ्या कामाचा कस इथे लागणार आहे.

तो माणूस डोळ्यांपुढे आण. टॉवरच्या दुसऱ्या तळघरात पंपरूम आहे. रात्रपाळीचा ऑपरेटर आयटीआय झालेला, एजन्सीतून आलेला, कामाला चोख. ड्राइव्हचं मॅन्युअल सोसायटीच्या ऑफिसात कपाटात कुलूपबंद. त्याला मेसेज येतो: ‘ड्राइव्ह ३, फॉल्ट ७’. तो बिचारा काय करणार? रिसेट दाबणार. पंप पुन्हा ट्रिप होणार, तो पुन्हा दाबणार, आणि तोवर वरच्या मजल्यांवरून ‘पाणी गेलं’ म्हणून इंटरकॉम वाजायला लागणार. आत खरोखरच शॉर्ट असेल, तर असं वारंवार रिसेट केल्याने मोटरला वीज सोडणारं आयजीबीटी मॉड्यूल फुटतं आणि दुरुस्तीचं काम थेट नव्या ड्राइव्हवर जातं.

आता तोच मेसेज असा लिही: ‘पंप ३ वेग घेताना करंट वाढून बंद पडला. बंद पडताना ३१ अँपिअर, एरवी १८. पंप २ चालू आहे, पाणी सुरू आहे. रिसेट करू नका. मेन स्विच बंद करून कुलूप लावा, ड्राइव्हवर लिहिलेली मिनिटं थांबा, मग कपलिंग हाताने फिरतं का पाहा आणि सुपरवायझरला कळवा.’ यातलं फार थोडं ड्राइव्हने आयतं दिलेलं आहे. फॉल्ट कोड आणि करंटचा आकडा ड्राइव्हचा, बाकी सगळं तुझं. ते लिहायला तुला प्रत्येक साइटवर जाऊन उभं राहावं लागेल, कुठला पंप कुठली टाकी भरतो ते विचारावं लागेल. त्याचा कंटाळा करू नकोस. आणि मेसेज मराठीत, हिंदीत, ज्याला जी भाषा येते त्या भाषेत जाऊ दे.

थांबायची मिनिटं मुद्दाम लिहायला सांगतो आहे. ४१५ व्होल्टच्या सप्लायवर ड्राइव्हच्या आतल्या डीसी बसवर, म्हणजे एसीची डीसी झालेली वीज जिथे साठते तिथे, साधारण ५६० ते ५८५ व्होल्ट असतात आणि स्विच बंद केल्यावरही कपॅसिटर काही काळ भरलेले राहतात. लहान ड्राइव्हला पाच मिनिटं, मोठ्याला त्याहून जास्त, आणि तेवढं थांबूनही मीटरने मोजल्याशिवाय आत हात नाही. लांबून मेसेज पाठवणाऱ्याला हे धोके दिसत नाहीत, म्हणून तुझ्या मेसेजमध्ये ते असलेच पाहिजेत.

दुसरी गोष्ट, नुसता फॉल्ट कोड वाचून थांबू नकोस. ट्रिप झाला त्या क्षणी फ्रीक्वेन्सी किती होती, करंट किती, डीसी बस किती, हीटसिंक (आतली उष्णता बाहेर टाकणारा धातूचा भाग) किती तापला होता, हे बऱ्याच ड्राइव्हमध्ये फॉल्टसोबत साठवलेलं असतं. ते उचल. ओव्हरकरंट वेग घेताना आला तर पंप अडकलेला असेल किंवा वेग घ्यायचा वेळ फार कमी ठेवला असेल. एकसारखा चालता चालता आला तर बेअरिंग, वाइंडिंग, केबल बघायची. ओव्हरव्होल्टेज वेग उतरताना आलं, तर जड भाराची मोटर जनरेटरसारखी उलटी वीज डीसी बसवर ढकलते आहे. तिथे वेग उतरायचा वेळ वाढव किंवा ती जादा वीज जाळणारा ब्रेकिंग रेझिस्टर तपासून घे. कोड सारखाच दिसला तरी रोग वेगळा असू शकतो, आणि तुझ्याकडे हे आकडे नसतील तर फिटर जाऊन अंदाजाने मोटर उतरवेल.

पावसाळ्याचं वेगळं सांगायला हवं, कारण मुंबईत हे घडणारच. जूनच्या पहिल्या जोरदार सरीनंतर अर्थ फॉल्टचे, म्हणजे वीज जमिनीकडे गळण्याचे, अलर्ट वाढतात. उघड्यावरच्या मोटरचं टर्मिनल बॉक्सचं झाकण नीट बसलेलं नसतं, केबल आत शिरते तिथली ग्लँड सैल असते, पाणी आत उतरतं. अशा वेळी फिटर मेगर, म्हणजे इन्सुलेशन तपासायचं मीटर, घेऊन जातो. त्याला जाणाऱ्या मेसेजमध्ये पहिलीच ओळ हवी: ‘मोटरची केबल ड्राइव्हपासून सोडवा, मगच मेगर लावा.’ केबल जोडलेली ठेवून मेगरचे ५०० व्होल्ट सोडले, तर ते ड्राइव्हच्या आत जातात आणि धड असलेला ड्राइव्ह मरतो.

समुद्राची खारट दमट हवा मात्र अलर्ट न देता काम करते. कनेक्टर हिरवे पडतात, कूलिंग पंख्याचं बेअरिंग घासतं, हीटसिंकच्या फटींत धूळ ओली होऊन चिकटून बसते. म्हणून हीटसिंकचं तापमान नुसतं ट्रिपच्या मर्यादेशी ताडू नकोस, त्याच ड्राइव्हच्या गेल्या महिन्याच्या आकड्याशी ताड, तेही तेवढ्याच करंटला आणि पॅनल रूमच्या तेवढ्याच गरमीत. भार तोच आणि तापमान आठ-दहा अंशांनी चढलेलं, तर पंखा किंवा फिल्टर बघायला माणूस पाठव, दिवसाउजेडी, घाई नसताना. इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटरचं आयुष्य दर १० अंश वाढीला साधारण निम्मं होतं असं आपल्या धंद्यात धरतात. लांबून नजर ठेवण्याचा मला सगळ्यात मोठा फायदा दिसतो तो हाच. ट्रिप झाल्यावर तर ऑपरेटरलाही कळतंच.

आता न येणाऱ्या अलर्टबद्दल. ज्या सप्लायवर ड्राइव्ह, त्याच सप्लायवर तुझा गेटवे, म्हणजे ड्राइव्हचे आकडे वाचून तुझ्याकडे पाठवणारी पेटी, असेल, तर वीज गेल्यावर दोघंही एकदम गप्प. स्क्रीनवर शेवटचा आकडा तसाच हिरवा दिसत राहतो आणि बघणाऱ्याला वाटतं सगळं ठीक आहे. गेटवेला छोटी बॅटरी दे. प्रत्येक आकड्यासोबत तो कधीचा आहे ते दाखव, आणि ठरल्या वेळात गेटवेकडून खबर आली नाही तर तोच एक अलर्ट समज. तळघरात रेंज नसते, म्हणून तुम्ही गेटवेची अँटेना रॅम्पपर्यंत वर न्याल, पण ऑपरेटरचा फोन खालीच असतो, त्याचं काय? पंपरूममध्ये हूटर लाव आणि मेसेज गेटवरच्या सिक्युरिटी केबिनलाही जाऊ दे. शिवाय गेटवे मिनिटाला एकदा ड्राइव्हला विचारत असेल, तर मधल्या मधे ट्रिप होऊन आपोआप रिसेट झालेला फॉल्ट सुटतो. त्यासाठी ड्राइव्हमधली जुन्या फॉल्टची यादी रोज वाचायची.

उलट टोकही सांभाळ. १२ ऑक्टोबर २०२० ला सकाळी दहाच्या सुमारास मुंबई, ठाणे, नवी मुंबईची वीज एकदम गेली, लोकल जागच्या जागी थांबल्या. तशा दिवशी तुझ्या यादीतला एकूण एक ड्राइव्ह अंडरव्होल्टेज म्हणून ओरडेल. लोकांना शंभर मेसेज नकोत, एक हवा: ‘सप्लाय गेला, या या साइट बंद.’ १९९४ च्या जुलैमध्ये वेल्समधल्या मिलफर्ड हेवनच्या रिफायनरीत स्फोट झाला, त्याआधीच्या शेवटच्या ११ मिनिटांत दोन ऑपरेटरांपुढे २७५ अलार्म आले होते. त्या गर्दीत महत्त्वाचा अलार्म कुणाला सापडणार? पुढे २००९ मध्ये आलेल्या, अलार्म कसे हाताळावेत हे सांगणाऱ्या आयएसए १८.२ या मानकात अलार्मची व्याख्याच अशी केली आहे की ज्यावर माणसाने वेळेत काही करायला हवं, तोच अलार्म. बाकीचं सगळं लॉगमध्ये जाऊ दे, महिन्याच्या रिपोर्टमध्ये येऊ दे, फोन वाजवू नकोस.

लांबून रिसेट करायची सोय द्या, असं ग्राहक मागतील. कारखान्याच्या मालकाला ते फार आवडतं. या बाबतीत तू ठाम राहा, असं मी तुला कळकळीने सांगतो. कन्व्हेयर ट्रिप झाला की कुणीतरी पट्ट्यात अडकलेलं काढायला हात घालतोच, आणि अंधेरीच्या ऑफिसात बसलेल्या माणसाला तो हात दिसत नाही. रिसेट पॅनलपुढे उभं राहून, डोळ्यांनी बघून. आपोआप पुन्हा सुरू होण्याची सेटिंगसुद्धा कुठे चालू आहे ते प्रत्येक ड्राइव्हवर तपास.

याच कारणासाठी गेटवेला ड्राइव्हमधून फक्त वाचू दे, लिहू देऊ नकोस. ड्राइव्हशी बोलायची मॉडबस ही पद्धत १९७९ ची आहे, तिच्यात पासवर्ड नावाची गोष्टच नाही. लाइनवर जो पोचला तो मोटर चालू-बंद करू शकतो. २०१० मध्ये उघडकीला आलेला स्टक्सनेट हा व्हायरस ८०७ ते १२१० हर्ट्झवर चालणारे ड्राइव्ह शोधून त्यांची फ्रीक्वेन्सी बदलत होता. तेव्हा राउटरमध्ये पोर्ट उघडून पॅनल इंटरनेटवर टांगायचं नाही, व्हीपीएन, म्हणजे इंटरनेटवरून जाणारी खासगी, बंदिस्त वाट, हवंच.

वायरिंगचं तुला येतंच: डेटा नेणारी आरएस-४८५ ची केबल एका ड्राइव्हवरून दुसऱ्यावर, फांद्या नकोत, दोन्ही टोकांना १२० ओहमचा रेझिस्टर, मोटर केबलपासून लांब. अधूनमधून डेटा तुटतो असं दिसलं, तर सॉफ्टवेअरवाल्यांशी भांडण्याआधी ट्रे उघडून दोन्ही केबल शेजारी शेजारी बांधल्या आहेत का बघ.

पुढच्या रविवारी डोंबिवलीला घरी ये. येताना गेल्या महिन्यात गेलेल्या सगळ्या अलर्टची यादी प्रिंट करून आण, आणि प्रत्येकापुढे तो कुणाला गेला व त्या माणसाने काय केलं ते पेनाने लिहून आण. ज्याच्यापुढे काहीच लिहिता येणार नाही, ते आपण बसून एकेक करून काढून टाकू. ऑपरेटरांना विचारल्याशिवाय तो रकाना भरता येणार नाही, तेव्हा शनिवारची रात्रपाळी त्यांच्याबरोबर काढ.

आईबाबांना नमस्कार सांग.

कळावे.