एकाच हार्मोनची तपासणी तीन-तीनदा, वर अभ्यासाच्या कागदावर सही. आमच्यावर प्रयोग चाललाय का?

तुम्ही लिहिलंय की पत्नीचं वजन, साखर, बीपी वर्षभरात एकदम वाढलं, मुंबईतल्या एका मोठ्या रुग्णालयात कुशिंगचा (शरीरात कॉर्टिसोल हे हार्मोन फार वाढण्याचा आजार) संशय सांगितला, कॉर्टिसोलची तपासणी तिसऱ्यांदा करायला लावली आणि त्यातच एका अभ्यासाचं संमतीपत्र हातात ठेवलं. ‘आमच्यावर प्रयोग करतायत का?’ हा तुमचा प्रश्न. नऊ वर्षांपूर्वी माझ्या नवऱ्याच्या तोंडून हेच शब्द निघाले होते, म्हणून सविस्तर लिहिते.

मी डॉक्टर नाही. डोंबिवलीला शाळेत शिकवते. कुशिंग मला झाला होता, पिट्यूटरीचं, म्हणजे मेंदूच्या तळाशी असलेल्या छोट्या ग्रंथीचं, ऑपरेशन झालंय.

त्याआधीची तीन वर्षं माझ्यावर तुकड्यातुकड्यांनी उपचार झाले. बीपीची गोळी एकाकडून, साखरेची दुसऱ्याकडून, आणि वजनाबद्दल सगळ्यांकडून एकच सल्ला, भात सोडा, चालायला जा. मी भात सोडला. चालायला मात्र जमेना. दादरचा पूल चढताना कठडा धरून स्वतःला वर ओढावं लागायचं, मांड्यांत जोरच नव्हता. पुतण्याच्या लग्नात बांगड्या भरताना कासाराने नेहमीसारखा हात दाबला आणि संध्याकाळपर्यंत मनगटाभोवती काळंनिळं कडं उमटलं. पोटावर बोटभर रुंद जांभळे पट्टे आले होते, ते मी कुणाला दाखवलेच नव्हते. अखेर एका सरकारी ओपीडीतल्या तरुण डॉक्टरीणबाईंनी विचारलं, “लग्नातला फोटो आहे का जवळ?” मोबाइलमधला फोटो त्यांनी माझ्या चेहऱ्याशेजारी धरला आणि रक्ताची चिठ्ठी लिहायला घेतली.

पण त्याआधी त्यांनी खोदून खोदून विचारलं की अंगाला कुठलं क्रीम लावता का, दम्याचा पंप आहे का, सांध्यात इंजेक्शन घेतलंय का, गुडघेदुखीवर कुणाकडून पुड्या आणता का. बाहेरून स्टेरॉइड पोटात गेलं तरी चेहरा असाच गोल होतो, आणि आपल्याकडे अशी माणसं खऱ्या कुशिंगपेक्षा कितीतरी जास्त आहेत. वहिनींना याचं उत्तर अगदी खरं द्यायला सांगा. रंग गोरा करायचं क्रीमसुद्धा लपवू नका.

आता तीन-तीन तपासण्या कशासाठी. थायरॉइडसारखं एकदा रक्त दिलं आणि निकाल लागला, असं कॉर्टिसोलचं नसतं. निरोगी माणसात ते पहाटे चढतं आणि मध्यरात्री तळाला जातं. कुशिंगमध्ये हा रात्रीचा उतार नाहीसा होतो. म्हणून सकाळचा नुसता आकडा फारसं काही सांगत नाही. रात्री अकराच्या सुमाराची लाळ, चोवीस तासांची लघवी आणि रात्री एक मिलिग्रॅम डेक्सामेथासोन (निरोगी माणसात कॉर्टिसोल खाली आणणारी स्टेरॉइडची गोळी) घेऊन सकाळी आठ-नऊला रक्त, या मुख्य तपासण्या. लाळ आणि लघवी तर किमान दोन-दोनदा घेतातच, कारण काही जणांत आजारच चढउतार करतो. एक महिना आकडा जास्त, पुढच्या महिन्यात नॉर्मल.

शिवाय बाहेरच्या गोष्टी आकडा बिघडवतात. गर्भनिरोधक गोळ्या चालू असतील तर रक्तातलं कॉर्टिसोल खोटं जास्त दिसतं. टीबीचं रिफॅम्पिसिन किंवा फिटांचं फेनिटॉइन चालू असेल तर डेक्सामेथासोन शरीरात लवकर संपतं आणि तपासणी फसते. माझी स्वतःची पहिली लाळ बाद झाली ती ज्येष्ठमधामुळे. दिवसभर वर्गात बोलून घसा बसतो म्हणून ज्येष्ठमधाची कांडी चघळायची सवय मला वीस वर्षांची. लाळग्रंथींत कॉर्टिसोल निष्क्रिय करणारं एक एन्झाइम असतं आणि ज्येष्ठमध नेमकं त्यालाच अडवतं, हे मला तिथे कळलं. तंबाखूचंही तेच. आठवडाभर कांडी बंद ठेवून पुन्हा लाळ दिली. त्यावेळी मीही चिडले होते, की पुन्हा तेच, पुन्हा खेप. पण चुकीच्या आकड्यावर कुणी माझं डोकं उघडलं असतं तर?

आणि आता ती गोष्ट, जिच्यामुळे मी माझ्या वेळच्या अभ्यासाच्या कागदावर सही केली. डेक्सामेथासोननंतरचा माझा कॉर्टिसोलचा आकडा आला 4.2 (मायक्रोग्रॅम प्रति डेसिलिटर). मी रिपोर्ट घेऊन विचारलं, हा तर बराच खाली आलाय, मग मी बरी का नाही? डॉक्टरीणबाईंनी सांगितलं की पूर्वी ही रेषा 5 वर होती. त्याखाली आलं की माणूस निरोगी समजून घरी पाठवत. पण कुशिंग असलेल्या काही पेशंटचा आकडाही 5 च्या खाली येतो, हे अभ्यासांतून दिसलं आणि रेषा 1.8 वर आणली गेली. म्हणजे जुनी रेषा तशीच राहिली असती तर मला त्या दिवशी पुन्हा ‘भात सोडा’ ऐकून डोंबिवली लोकल पकडावी लागली असती. ती रेषा कुणा शहाण्याने खुर्चीत बसून हलवलेली नाही. शेकडो बायकापुरुषांनी रक्त दिलं, त्यांचं पुढे काय झालं ते कुणीतरी वर्षानुवर्षं लिहून ठेवलं, तेव्हा ती हलली.

पुढचं थोडक्यात. कॉर्टिसोल जास्त आहे हे ठरलं की एसीटीएच बघतात, म्हणजे कॉर्टिसोल बनवायचा हुकूम देणारं पिट्यूटरीचं हार्मोन. ते फार कमी असेल तर दोष किडनीवरच्या अॅड्रिनल ग्रंथीत, नाहीतर बहुधा पिट्यूटरीत, क्वचित फुप्फुसासारख्या भलत्याच ठिकाणच्या गाठीत. एमआरआय आधीच का करत नाहीत, असंही तुम्ही विचारलंय. पिट्यूटरी हरभऱ्याच्या दाण्याएवढी, तिच्यातली गाठ काही मिलिमीटरची. बऱ्याच पेशंटमध्ये ती दिसतच नाही, आणि उलट काहीही आजार नसलेल्या दहातल्या एकाच्या पिट्यूटरीत ठिपका दिसू शकतो. माझ्या एमआरआयमध्ये काहीच दिसलं नाही. तेव्हा दोन्ही जांघांतून बारीक नळ्या थेट मेंदूच्या तळाशी नेऊन तिथलं आणि हातातलं रक्त एकाच वेळी घेतलं. तिथलं एसीटीएच हातातल्यापेक्षा दुप्पट, किंवा सीआरएचचं (पिट्यूटरीला एसीटीएच सोडायला लावणारं हार्मोन) इंजेक्शन दिल्यावर तिप्पट असेल तर दोष पिट्यूटरीत, हे प्रमाण अमेरिकेत 281 पेशंटच्या अभ्यासातून 1991 मध्ये पक्कं झालं. सीआरएच मिळालं नाही तर त्याऐवजी डेस्मोप्रेसिनही वापरतात. अशा बदललेल्या औषधावर, आपल्याकडच्या लॅबच्या किटवर तेच आकडे लागू पडतात का, हे आपल्याच पेशंटवर पाहावं लागतं. कुशिंगसारखा आजार वर्षाला दहा लाखांत जेमतेम दोन-तीन जणांना होतो. मुंबईत केईएमसारख्या ठिकाणी असे पेशंट वर्षानुवर्षं एका छताखाली येतात, म्हणून तिथून यावर शोधनिबंध निघू शकतात. गावातल्या दवाखान्यात हे होणार नाही.

तरीही, तिथेच बसून सही करू नका. कागद घरी आणा, तुम्हाला तो हक्क आहे. मी आणला होता, चार दिवस ठेवला. मराठीतली प्रत मागा. आधी बघा, हा नुसता तपासणीचा, नोंदींचा अभ्यास आहे की नव्या औषधाची ट्रायल. या दोन्हींत जमीनअस्मानाचा फरक आहे. माझा पहिल्या प्रकारचा होता. तपासणीसाठी घेतलेल्या रक्तातलं आणि लाळेतलं उरलेलं साठवायचं, वर आणखी एक चमचाभर रक्त. मी विचारलं की याचे पैसे मला पडणार का, साठवलेल्या रक्तावर पुढे जनुकांची तपासणी झाली तर मला कळवणार का, आणि नाही म्हटलं तर ऑपरेशनचा नंबर मागे जाणार का. पहिल्याचं आणि तिसऱ्याचं उत्तर ‘नाही’ मिळालं, दुसऱ्याचं कागदावर लिहून मागितलं. औषधाची ट्रायल असेल तर सीटीआरआयच्या, म्हणजे देशातल्या ट्रायल्सच्या सरकारी यादीच्या, नोंदणीत ती आहे का ते पाहा. 2009 पासून ती नोंदणी सक्तीची आहे. ट्रायलमुळे अपाय झाला तर मोफत उपचार आणि भरपाई द्यावी लागते, तसे 2019 चे नियम आहेत. कागदावर एथिक्स कमिटीचा (अभ्यासात पेशंटचं हित जपलं जातंय का ते पाहणारी समिती) फोन असायलाच हवा. आणि सही केल्यावरही केव्हाही, कारण न देता बाहेर पडता येतं. यातलं एकही उत्तर कुणी टाळत असेल तर सही करू नका, उपचार मात्र सोडू नका.

ऑपरेशन नाकातून झालं. नंतर कॉर्टिसोल एकदम तळाला जातं, ते बरं झाल्याचं लक्षण असतं, पण अंग असं मोडून येतं की वाटतं आधीच बरी होते. वर्षभर कॉर्टिसोलची उणीव भरणाऱ्या हायड्रोकॉर्टिसोनच्या गोळ्या होत्या. हे वहिनींना आधीच सांगून ठेवा, मला कुणी सांगितलं नव्हतं आणि मी फार रडले.

चोवीस तासांच्या लघवीचं एक नीट समजून घ्या, बहुतेकांचं तिथेच चुकतं आणि आणखी एक खेप वाढते. सकाळी उठल्यावरची पहिली लघवी टाकून द्यायची आणि ती वेळ लिहून ठेवायची. त्यानंतरची प्रत्येक कॅनमध्ये, रात्रीचीसुद्धा. दुसऱ्या दिवशी त्याच वेळेची सकाळची पहिली मात्र कॅनमध्ये घ्यायची. मी तो पाच लिटरचा कॅन कापडी पिशवीत घालून सहा सव्वीसच्या लेडीज डब्यातून नेला होता. रविवारी सकाळी गोळा करायला सुरुवात केली तर सोमवारी लॅब उघडी मिळते.