रक्तपेढी म्हणते ‘रिॲक्टिव्ह’, प्रयोगशाळा म्हणते विषाणू नाही

प्रश्न : आम्ही खानापूर तालुक्यात राहतो. गणेशोत्सवातील रक्तदान शिबिरात माझ्या धाकट्या दिरांनी रक्त दिले. पुढे रक्तपेढीने त्यांना बोलावून ‘हिपॅटायटिस सी रिॲक्टिव्ह’ असे सांगितले. त्यांना कधी कावीळ झालेली नाही. बेळगावात आरएनए चाचणी केली, तीत विषाणू आढळला नाही. दोन अहवालांपैकी खरा कोणता? दिवाळीनंतर त्यांचे लग्न आहे. मुलीकडच्यांना काय सांगावे?

उत्तर : दोन्ही अहवाल आपापल्या जागी बरोबर असू शकतात, कारण दोन्ही चाचण्या निरनिराळ्या गोष्टी शोधतात. रक्तपेढीची चाचणी हिपॅटायटिस सीचा, म्हणजे यकृताला सूज आणणारा, विषाणू शोधत नाही; विषाणूशी गाठ पडल्यावर शरीर जी प्रतिपिंडे तयार करते ती शोधते. आरएनए चाचणी मात्र विषाणूचे जनुकीय द्रव्य, म्हणजे प्रत्यक्ष विषाणूच, शोधते. आपल्या भागात अहवाल इंग्रजीत छापलेला असतो, तो पुष्कळदा कन्नडमधून समजावला जातो आणि घरी मराठीत पोहोचतो. एवढ्या प्रवासात ‘रिॲक्टिव्ह’चा अर्थ ‘रोग झाला’ असा होऊन बसतो. त्याचा खरा अर्थ ‘पुढे तपासा’ एवढाच आहे.

तुमच्या दिरांच्या बाबतीत दोन शक्यता उरतात. पहिली अशी, की त्यांना पूर्वी संसर्ग होऊन तो आपोआप गेला असेल. सी विषाणूची लागण झालेल्यांपैकी 15 ते 45 टक्के लोकांच्या शरीरातून तो सहा महिन्यांच्या आत औषधाविना नाहीसा होतो, आणि पुष्कळांना त्या काळात कावीळच काय, साधा थकवाही जाणवत नाही. प्रतिपिंडे मात्र त्यानंतरही बहुधा वर्षानुवर्षे रक्तात राहतात. दुसरी शक्यता अशी, की संसर्ग कधी झालाच नाही आणि चाचणीच चुकली. समजा, 1000 रक्तदात्यांपैकी 5 जणांना खरोखर संसर्ग आहे आणि निरोगी माणसाला निरोगी ठरवण्यात चाचणी 99 टक्के अचूक आहे. तरीही उरलेल्या 995 जणांपैकी सुमारे 10 जण विनाकारण ‘रिॲक्टिव्ह’ ठरतील, म्हणजे खऱ्यांच्या दुप्पट. रोग विरळ असेल तिथे चांगली चाचणीही अशी फसते, आणि रक्तदाते बहुतेक निरोगीच असतात. तरीही रक्तपेढीने केले ते योग्यच. एखादी पिशवी वाया गेली तरी चालेल, पण दूषित रक्त कोणाला चढता कामा नये.

या चाचणीची उलट बाजूही आहे. संसर्गानंतर प्रतिपिंडे दिसू लागायला साधारण आठ ते अकरा आठवडे लागतात, विषाणूचा आरएनए मात्र एक-दोन आठवड्यांतच सापडतो. डायलिसिसवर असलेल्या किंवा प्रतिकारशक्ती खालावलेल्या रुग्णांत कधीकधी प्रतिपिंडे पुरेशी तयारच होत नाहीत, म्हणून तिथे ‘निगेटिव्ह’वर विसंबून राहू नये.

दिरांना गेल्या सहा महिन्यांत रक्त चढवले असेल, त्यांनी गोंदवून घेतले असेल किंवा कुठे शंकास्पद सुईचे इंजेक्शन घेतले असेल, तर डॉक्टरांना विचारून आरएनए चाचणी पुन्हा करावी. तसे काही नसेल, तर सध्या त्यांना हिपॅटायटिस सी नाही असेच मुलीकडच्यांना सांगावे आणि दोन्ही अहवाल दाखवावेत; लपवू नयेत. रक्तदान मात्र त्यांनी रक्तपेढीला विचारल्याशिवाय पुन्हा करू नये. आणि समजा आरएनए सापडला असता, तरी घाबरण्यासारखे नव्हते. बहुतेक रुग्ण बारा आठवड्यांच्या गोळ्यांनी बरे होतात, आणि 2018 साली सुरू झालेल्या राष्ट्रीय विषाणूजन्य हिपॅटायटिस नियंत्रण कार्यक्रमात त्या मोफत मिळतात.

प्रश्न : मुलाचे डोळे पिवळे झाले आहेत. अहवालात ‘हिपॅटायटिस ए आयजीजी पॉझिटिव्ह’ आहे. निदान झाले, असे समजावे का? (निपाणी)

उत्तर : नाही. आयजीजी हा प्रतिपिंडांचा एक प्रकार असून ती जुन्या संसर्गाची किंवा लसीची खूण आहे. ताज्या आजारासाठी ए आणि ई या दोन्ही प्रकारांची आयजीएम, म्हणजे ताज्या संसर्गात दिसणाऱ्या प्रतिपिंडांची, चाचणी करून घ्यावी, आणि बी प्रकारासाठी प्रतिपिंडांऐवजी विषाणूचे पृष्ठभागावरील प्रथिन, म्हणजे एचबीएसएजी, तपासावे. मुलाला सतत उलट्या होत असतील, तो गुंगीत असेल किंवा असंबद्ध बोलत असेल, तर अहवालाची वाट न पाहता त्याला रुग्णालयात न्यावे.