टॉर्च हाइट: नव्या भावासाठी सुरुवातीचं

प्लाझ्मा कटिंगचा सीएनसी टेबल (आर्कने पत्रा कापणारं मशीन) घरीच उभा केला भाऊ, एक नंबर काम केलं. आता टीएचसीच्या (टॉर्च हाइट कंट्रोल, कापताना टॉर्चची उंची आपोआप सांभाळणारा डबा) सेटिंगमध्ये लगेच हात घालू नको, आधी ते बंद ठेवून सपाट पत्र्यावर सरळ कट नीट येऊ दे. त्या डब्याला फक्त आर्क व्होल्टेज (टॉर्च आणि पत्र्यामधल्या आर्कचं) कळतं, टॉर्च वर गेली की वाढतं, खाली आली की कमी होतं, बाकी त्याला काही समजत नाही.

सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे टच-ऑफ, म्हणजे टॉर्च पत्र्याला टेकवून झीरो हाइट धरणं. पातळ पत्रा टॉर्च टेकली की दबतो, स्विच उशिरा ट्रिप होतो आणि झीरोच खोटा पडतो, मग पुढे कितीही ट्यूनिंग कर. स्विच हलका ठेव, जेवढं अंतर खातो तेवढं ऑफसेटमध्ये टाक.

नवे लोक इथे फसतात:
- पिअर्स (सुरुवातीचं भोक पाडणं) आणि कट एकाच हाइटवर. कट दीड मिमीच्या आसपास असेल तर पिअर्स तीन-चार ठेव (तुझ्या टॉर्चचा चार्ट बघ), नाहीतर उडालेला लोखंडाचा रस सरळ नोझलमध्ये.
- कोपऱ्यात, छोट्या होलवर टीएचसी चालू. मशीन स्लो होते, व्होल्टेज चढतं, डब्याला वाटतं टॉर्च वर गेली, म्हणून टॉर्च पत्र्यात घुसते. तिथे बंदच ठेव ना.
- टॉर्चमधला इलेक्ट्रोड झिजला तरी जुनंच व्होल्टेज सेट, मग टॉर्च हळूहळू खाली चालत राहते.

आणि पावसाळ्यात कम्प्रेसरचं पाणी रोज काढ, आपल्या हिंगणा एमआयडीसीत विचारलं तर ड्रायर-फिल्टर सांगतीलच. अँटी-डाइव्ह (टॉर्च खाली घुसू न देणारी सेटिंग) वगैरे नंतर बघू, आधी कटचा फोटो टाक.