३एक्स − ४वाय + ५ = ० ला समांतर अन (२, −१) मधून जाणारी रेषा कशी काढायची?

भाऊ, याले लय सूत्रं लागत नाही. पऱ्हाटीचे तास कसे सगळे एकाच दिशेनं जातात, जागा तेवढी वेगळी, समांतर रेषेचं तसंच हाय, चढ (रेषेचा तिरपेपणा) सारखा राह्यते, इथं तो ३/४ हाय, म्हणून एक्स-वायचे सहगुणक (त्यांच्या आधीचे आकडे) जसेच्या तसे ठेवायचे अन फक्त शेवटचा आकडा बदलायचा.

म्हणजे ३एक्स − ४वाय + क = ० लिव्हा, आता बिंदू टाका. ३×२ झाले ६, अन −४×(−१) म्हंजे +४, इथंच पोरं −४ लिहून ठेवतात अन पुढचं सगळं बिघडते, तर हे चिन्ह नीट पाहा. ६ + ४ + क = ०, क = −१०. उत्तर ३एक्स − ४वाय − १० = ०.

क जर ५ च आला असता तर तीच रेषा, बिंदू तिच्यावरच होता समजा.

अन दिलेली रेषा एक्स = ७ अशी उभी असंल तर चढ काढत बसू नका, तो निघतच नाही, थेट एक्स = २ लिव्हा. दहावीच्या पोरांनी चढवाली रीत, वाय + १ = ३/४ (एक्स − २), एकदा करून पाहावी, समीकरण हेच येते.