अहिराणी गाण्यांसाठी सॅम्पलर प्लगइन विकत घ्यावे का?

तुम्ही विचारले आहे की, शहाद्याला घरच्या घरी एफएल स्टुडिओवर (संगणकावर संगीत करण्याचे सॉफ्टवेअर) अहिराणी गाण्यांचे संगीत करताना ढोलकी आणि संबळ खोटे वाटतात, तेव्हा कॉन्टॅक्टसारखे सॅम्पलर प्लगइन, म्हणजे मुद्रित केलेले आवाज वाजवणारे जोड-सॉफ्टवेअर, विकत घेतल्याने फरक पडेल का. माझे मत स्पष्ट आहे: पडणार नाही, आणि आत्ता घेऊ नका. या विषयावर मी सहसा लिहीत नाही, कारण 2017 साली याच प्रश्नावरून माझे आणि माझ्या चुलतभावाचे जे वाजले ते अजून पुरते मिटलेले नाही. परंतु तुमच्या प्रश्नात त्याचेच शब्द आले आहेत, त्यामुळे राहवत नाही.

सॅम्पलर वेगळा आणि त्यात वाजणारी लायब्ररी, म्हणजे मुद्रित आवाजांचा संग्रह, वेगळी, हे तुम्हाला माहीत असेलच. तरीही पैसे देताना माणूस नेमके तेच विसरतो. बर्लिनच्या नेटिव्ह इन्स्ट्रुमेंट्सने 2002 साली आणलेले कॉन्टॅक्ट हे मुळात आवाज वाजवणारे यंत्र आहे. सोबत बरेच आवाज येतात, पियानो आणि तंतुवाद्ये चांगली आहेत, पण गोंधळ्याच्या संबळासाठी कोणी ते घेत असेल तर आडातच नाही ते पोहऱ्यात कुठून येणार? त्याची प्लेअर नावाची फुकट आवृत्तीही मिळते. मात्र जी लायब्ररी प्लेअरसाठी परवाना घेऊन बनवलेली नसते, ती प्लेअरमध्ये 15 मिनिटे वाजते आणि मग गप्प होते. हे वाक्य आज मी शांतपणे लिहू शकतो, तेव्हा मात्र ते कोणीच वाचले नव्हते.

तेव्हा धुळ्यात देवपूर भागात आम्हा दोघा भावांचा एका खोलीचा स्टुडिओ होता. खानदेशातल्या कानबाई देवीचा रविवार नागपंचमीनंतर येत असल्याने तिची गाणी आषाढातच मुद्रित करून घेण्यासाठी लोकांची रीघ लागते, आणि वर्षभराच्या भाड्याची सोय त्याच महिन्यात होते. भावाचे म्हणणे असे की, आपल्या गाण्यांना मुंबईचा आवाज येत नाही याचे एकमेव कारण आपल्याकडे ‘ते’ प्लगइन नाही. पूर्ण कॉन्टॅक्टची तेव्हाची किंमत आजच्यापेक्षाही जास्त होती, म्हणून त्याने मधला मार्ग काढला: भारतीय तालवाद्यांची एक लायब्ररी माझ्या कार्डावर घेतली आणि फुकटच्या प्लेअरमध्ये उघडली. खरेदीच्या पानावर ‘पूर्ण आवृत्ती आवश्यक’ असे लिहिलेले होते. ते त्याने वाचले नाही, आणि कार्ड माझे असूनही मी वाचले नाही, हा माझाही दोष आहे.

पहिल्याच दिवशी पारोळ्याकडच्या एक मावशी गायला आल्या होत्या. वय साठीच्या पुढे, हेडफोनची सवय नाही, तरी तिसऱ्या कडव्यापर्यंत आवाज असा लागला होता की आम्ही दोघेही काचेपलीकडे हलायचे थांबलो होतो. तेवढ्यात ताल थांबला. पडद्यावर रेघ पुढे सरकत होती, हार्मोनियम चालू होती, फक्त ढोलकी आणि डफ एकदम नाहीसे झाले. मावशींनी गाणे सोडून वर पंख्याकडे पाहिले आणि विचारले, “भाऊ, लाईट गयी का?” पंखा फिरत होता. प्लगइन बंद करून पुन्हा उघडले की आणखी 15 मिनिटे मिळत, पण मावशींचा तो सूर काही पुन्हा मिळाला नाही. शेवटी त्यांचा नातू शेजारच्या गल्लीतून एका गोंधळ्याला घेऊन आला आणि त्या गाण्यावर जो संबळ ऐकू येतो तो त्याचा आहे.

भावाने यातून काढलेला निष्कर्ष असा की पूर्ण आवृत्ती घ्यायला हवी होती. मी काढलेला निष्कर्ष असा की तो संबळवादक आधीच बोलवायला हवा होता. आमचा वाद एवढाच आहे, आणि पुढच्या उन्हाळ्यात मी तो माझ्या परीने निकालात काढला.

मे महिन्यात ओळखीच्या एका जिनिंगच्या गोदामात आम्ही रात्री अकरानंतर संबळाचे मुद्रण केले. कापसाच्या गाठींची भिंत तिन्ही बाजूंनी असली की आवाजाचा घुमारा जवळजवळ मरतो. इतकी चांगली खोली भाड्याने मिळत नाही. सहा प्रकारचे आघात, प्रत्येकाचे चार जोर आणि प्रत्येक जोराचे पाच नमुने, असे 120 ठोके मी मागितले होते. पाच नमुने अशासाठी, की एकच नमुना पुन्हा पुन्हा वाजला तर कानाला मशीनगन ऐकू येते. सॅम्पलरने ते आळीपाळीने वाजवले तरच हात माणसाचा वाटतो. तीस-चाळीस ठोक्यांनंतर वादक वैतागून म्हणाला, “भाऊ, हाई वाजाडनं नही, हाई ते खिया ठोकनं शे.” म्हणजे हे वाजवणे नाही, खिळे ठोकणे आहे. त्याचे म्हणणे किती खरे होते ते मला घरी आल्यावर कळले.

घरी फाईली उघडल्या तेव्हा पहिला ठोका आणि शेवटचा ठोका यांच्या सुरात जवळजवळ 40 सेंटचा (सेंट म्हणजे अर्ध्या स्वराचा शंभरावा भाग) फरक होता. उजेडासाठी मी हॅलोजन वाद्याच्या अगदी जवळ ठेवला होता आणि त्याच्या आचेने कातडे रात्रभर ताणत गेले होते. दुसऱ्या रात्री बॅटरीच्या उजेडात सगळे पुन्हा केले. तरीही काहीतरी उणे होते. संबळाची दोन्ही भांडी एकमेकांना बांधलेली असतात, त्यामुळे एकावर काडी पडली की दुसरे बारीक घुमते, आणि सलग वादनात ती घुमक पुढच्या ठोक्याखाली शिल्लक असते. सुटे ठोके जोडून ती येत नाही. म्हणून तिसऱ्या रात्री त्याला मोकळेपणाने वाजवू दिले, तीन वेगवेगळ्या लयींत, आणि मग त्या सलग वादनाचे स्लाइसेक्स या एफएलमधल्याच प्लगइनमध्ये तुकडे केले. आज माझ्या गाण्यांत तुम्हाला जो संबळ खरा वाटेल त्यात सुटे ठोके फार थोडे असतात. कोणत्याही किमतीच्या प्लगइनने मला हे सांगितले नसते.

आता तुमच्या मूळ प्रश्नाकडे वळतो. स्लाइसेक्स, ठोके वाजवण्यासाठीचे एफपीसी आणि साधे सॅम्पलर चॅनेल एफएल स्टुडिओमध्ये आहेतच, आणि एफएलचे पुढचे अपडेट आयुष्यभर फुकट असतात, त्यामुळे एवढे तरी आधी वापरून संपवावे. तुमची आवृत्ती फ्रुटी, म्हणजे एफएलची सर्वांत स्वस्त, असेल तर मात्र तीत थेट मुद्रण होत नाही. अशा वेळी प्लगइनचे पैसे तिच्या वरच्या प्रोड्यूसर आवृत्तीत घालणे शहाणपणाचे. ठोके आळीपाळीने वाजवण्यासाठी मी प्लोग कंपनीचे स्फोर्झांडो हे सॅम्पलर वापरले, जे फुकट आहे आणि एसएफझेड फाईल वाचते. ही फाईल म्हणजे साधा मजकूर असतो: कोणता नमुना कीबोर्डच्या कोणत्या पट्टीवर, किती जोराला, कितव्या पाळीला वाजायचा, एवढे नोटपॅडमध्ये ओळीओळीने लिहायचे. डिसेंट सॅम्पलरही फुकट आहे. संपादनाला मला अकरा दिवस लागले, हे लपवत नाही. भाऊ नेमके त्याकडेच बोट दाखवतो: अकरा दिवसांत चार गाणी झाली असती. झाली असती, पण चारही गाण्यांत ढोलकी तीच वाजली असती, जी त्याच लायब्ररीमुळे जळगाव ते नंदुरबार प्रत्येक लग्नाच्या डीजेवर वाजते.

सनईच्या बाबतीत तर मी कोणतेच सॅम्पल सुचवणार नाही. तालवाद्याचा ठोका कापता येतो, पण सनईची मींड दोन स्वरांच्या मधल्या जागेत असते, आणि कीबोर्डच्या पट्ट्यांवर ती जागाच नसते. शिवाय एकच नमुना दूरच्या स्वरावर ताणला तर त्याची लांबीही बदलते. वरच्या सप्तकात तो निम्म्या वेळात संपतो. एका सिटिंगचे पैसे देऊन सनईवाल्याला बोलवा.

जुन्या कॅसेटमधून तुकडे कापण्याचा विचार असेल तर एक गोष्ट ध्यानात ठेवा. दोन-तीन सेकंद घेतले तर चालते, असा जो समज आपल्याकडे आहे त्याला कायद्यात आधार नाही. 1957 च्या कॉपीराइट कायद्यानुसार ध्वनिमुद्रणाचा हक्क 60 वर्षे टिकतो, आणि चालीचा व शब्दांचा हक्क त्याहून वेगळा असतो. तुमच्या ओळखीच्या वादकाचे मुद्रण करतानाही पैसे आणि परवानगी कागदावर लिहून घ्या. मी तसे केले नव्हते, आणि वर्षभराने त्याच्या मुलाने विचारले तेव्हा मला उत्तर देताना लाज वाटली. त्यानंतर प्रत्येक गाण्यामागे त्यांना ठरलेली रक्कम जाते.

आता काही गोष्टी, ज्या खरे तर आधी सांगायला हव्या होत्या. माझे हे सगळे म्हणणे आपल्याकडच्या तालवाद्यांपुरते आहे. तुमच्या गाण्यांत व्हायोलिनचा ताफा, पियानो, पार्श्वसंगीताचे काम असेल तर ते गोदामात मुद्रित होणार नाही, आणि तेथे कॉन्टॅक्टला फुकटातला पर्याय मला तरी समाधानकारक वाटलेला नाही. पूर्ण आवृत्तीची यादीतील किंमत 299 डॉलर आहे. त्यावर कर आणि बँकेचे परकीय चलनाचे शुल्क धरा, आणि साधी हार्ड डिस्क असेल तर एसएसडीचेही पैसे धरा, कारण मोठ्या लायब्ररी डिस्कवरून वाजत असतात आणि डिस्क मंद असली की आवाजात तडतड येते. लायब्ररी आधी ठरवा, तिला प्लेअर पुरतो की पूर्ण आवृत्ती लागते हे खरेदीच्या पानावर स्वतः वाचा, आणि मग सवलतीची वाट पाहा. किंमत अधूनमधून निम्म्यावर येते. मीही अशाच एका सवलतीत पूर्ण आवृत्ती घेतली, फक्त तंतुवाद्यांसाठी. भावाचा आता चाळीसगावला स्वतःचा स्टुडिओ आहे, आणि गेल्या आषाढात त्याने माझ्याकडून संबळाच्या फाईली मागून नेल्या. मी कॉन्टॅक्ट घेतल्याचे त्याला अजून ठाऊक नाही; तुमची त्याच्याशी ओळख असल्यास कृपया तेवढे सांगू नका.