‘अंगात रक्त नाही’ आणि इतर काही प्रश्न

प्रश्न : माझे हिमोग्लोबिन ९.२ आले आहे. सासूबाई रोज गूळ-शेंगदाणे देतात, बिटाचा रस पाजतात, आणि आठवड्यातून दोनदा घरात मटणाचा रस्सा होतो. तरीही चार महिन्यांत आकडा जागचा हलला नाही. आणखी काय खावे? (गृहिणी, वय ३४, कागल)

उत्तर : आपला प्रश्न ‘काय खावे’ असा आहे, माझ्या मते आधी ‘रक्त जाते कुठे’ हे विचारायला हवे. गर्भवती नसलेल्या स्त्रीचे हिमोग्लोबिन १२ ग्रॅमपेक्षा कमी असेल तर त्याला रक्तक्षय म्हणतात. २०१९–२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात देशातील १५ ते ४९ वयोगटातील ५७ टक्के स्त्रिया या रेषेखाली आढळल्या, म्हणून ‘बायकांना एवढे असायचेच’ अशी समजूत घराघरांत मुरली आहे. ती चुकीची आहे.

गुळात लोह असते, हे खरे; परंतु वनस्पतिजन्य लोहाचा फार थोडा अंश आतड्यात शोषला जातो, आणि जेवणाला लागून चहा घेतला तर तोही घटतो. बिटाचा लाल रंग एका निराळ्या रंगद्रव्याचा असतो, त्याचा हिमोग्लोबिनशी संबंध नाही. रश्श्याबद्दल कोल्हापुरात काही बोलणे धाडसाचे आहे, पण सांगायला हवे : मटणातले सहज शोषले जाणारे लोह फोडींमध्ये आणि त्याहून अधिक कलेजीत असते, पांढऱ्या-तांबड्या रश्श्यात ते नाममात्र उतरते. घरातल्या बाईच्या वाटीत नुसता रस्सा आणि पुरुषांच्या ताटात फोडी, अशी वाटणी असेल तर ती आधी बदलावी. जेवणात लिंबू पिळावे आणि चहा तासभर पुढे ढकलावा.

मात्र ९.२ हा आकडा आहाराने भरून निघण्याची वाट पाहू नये. फेरिटिनची, म्हणजे शरीरातल्या लोहाचा साठा दाखवणाऱ्या प्रथिनाची, तपासणी करून घ्यावी. लोहाची कमतरता ठरली तर डॉक्टरांच्या सल्ल्याने गोळ्या सुरू कराव्यात. गोळ्यांनी शौचाचा रंग काळा होतो, त्याला घाबरून त्या सोडू नयेत. हिमोग्लोबिन पूर्ववत झाल्यावरही शरीरातला साठा भरण्यासाठी गोळ्या साधारण तीन महिने चालू ठेवाव्या लागतात. त्याच वेळी कारण शोधावे. पाळीत रक्तस्राव जास्त होतो का? मूळव्याध आहे का? उसाच्या शेतात अनवाणी वावरणे होते का? शेवटचा प्रश्न अनेकांना चमत्कारिक वाटतो, परंतु अंकुशकृमीची अळी तळपायाच्या कातडीतून शरीरात शिरते आणि पूर्ण वाढलेला कृमी आतड्याला चिकटून रोज थोडे थोडे रक्त शोषतो. फेरिटिन कमी नसेल, तर थॅलेसेमियाचे (हिमोग्लोबिन नीट न बनण्याच्या आनुवंशिक आजाराचे) वाहकत्व तपासल्याशिवाय लोह घेत राहू नये.

प्रश्न : शिरोलीच्या फाउंड्रीत मी रोज आठ-नऊ तास उभा असतो. संध्याकाळी पाय जड होतात आणि पोटरीवर वेड्यावाकड्या निळ्या शिरा फुगतात. हे रक्त साचणे धोक्याचे आहे का? (कामगार, वय ४२, नागाव)

उत्तर : हृदय रक्त पायापर्यंत ढकलते, पण ते वर आणण्याचे बरेचसे काम पोटरीच्या स्नायूंना करावे लागते. पाऊल टाकताना स्नायू आवळतो, खोलवरची नीला (हृदयाकडे रक्त परत नेणारी शीर) दाबली जाते आणि रक्त वर सरकते. ते पुन्हा खाली येऊ नये म्हणून नीलांमध्ये ठरावीक अंतरावर झडपा असतात. भोगावतीवरचे बंधारे जसे पाणी टप्प्याटप्प्याने अडवतात, तशा या झडपा घोट्यापासून मांडीपर्यंतच्या रक्ताचा भार विभागून घेतात. त्यांचे कार्य ओळखले ते विल्यम हार्वी यांनी. दंडाला पट्टी बांधून, फुगलेल्या शिरेवर बोट फिरवून रक्त एकाच दिशेने जाते हे त्यांनी दाखवले आणि १६२८ साली ते ग्रंथरूपाने मांडले. हृदय अर्ध्या तासात जितके रक्त बाहेर टाकते तितके अन्नापासून नव्याने तयार होणे अशक्य आहे, अर्थात तेच रक्त फिरत असले पाहिजे, हा त्यांचा साधा हिशेब मला आजही त्या प्रयोगाहून सुंदर वाटतो.

आता आपल्या पायांकडे वळू. निश्चल उभे असताना पावलाजवळच्या नीलेतील दाब सुमारे ९० मिलिमीटर पाऱ्याइतका असतो, चालू लागताच तो ३० च्या आसपास उतरतो. म्हणजे आपला त्रास उभे राहण्याइतकाच न हलण्याचाही आहे. वर्षानुवर्षे दाब राहिला की नीला ताणली जाते, झडपेची पाती एकमेकींपर्यंत पोहोचत नाहीत, आणि रक्त उलटे उतरू लागते. यात आनुवंशिकतेचाही वाटा असतो. भट्टीपाशी उभे असताना दर काही मिनिटांनी टाचा उचलाव्यात, जेवणाच्या सुटीत बसून न राहता चार फेऱ्या माराव्यात आणि रात्री पाय छातीपेक्षा उंच ठेवावेत. दाब देणारे मोजे सकाळी अंथरुणातून उठण्यापूर्वीच चढवावेत, कारण सूज आल्यावर घातलेल्या मोज्याचा उपयोग कमी होतो. घोट्याजवळची कातडी काळवंडत असेल तर कलर डॉपलर (शिरांतला रक्तप्रवाह दाखवणारी सोनोग्राफी) करून शल्यचिकित्सकांना दाखवावे. पुढे तिथेच न भरणारी जखम होते. फुगलेली शीर फुटली तर घाबरून उभे राहू नये, आडवे होऊन पाय उंच करावा आणि जागा दाबून धरावी. एकच पाय अचानक सुजून दुखू लागला, तर मात्र खोल नीलेत गुठळी झाल्याची शंका घेऊन त्याच दिवशी रुग्णालय गाठावे.

प्रश्न : रक्त लाल असते, तर मनगटावरच्या शिरा निळ्या का दिसतात? (इयत्ता नववी, शाहूपुरी)

उत्तर : त्यांतले रक्तही लालच असते, फक्त प्राणवायू कमी असल्याने गडद लाल. लाल प्रकाश कातडीत खोल जाऊन शिरेत शोषला जातो आणि निळा वरच्या थरांतूनच परततो, म्हणून डोळ्याला ती जागा निळसर भासते. पुस्तकातला निळा रंग ही आकृतीची सोय आहे.

प्रश्न : माझ्या भावाच्या कार्डावर ‘ओ पॉझिटिव्ह’ लिहिले आहे. शस्त्रक्रियेपूर्वी रक्तपेढीत ‘ओ’ची एकही पिशवी जुळेना, तेव्हा त्याचा गट ‘बॉम्बे’ असल्याचे सांगितले. आईचा गट ‘ए’, वडिलांचा ‘बी’. हे कसे? (गडहिंग्लज)

उत्तर : हा गट १९५२ साली मुंबईत डॉ. वाय. एम. भेंडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी प्रथम नोंदवला. ‘ए’ आणि ‘बी’ प्रतिजने, म्हणजे रक्तगट ठरवणाऱ्या खुणा, तांबड्या पेशीवर तयार होतात ती ‘एच’ नावाच्या पायावर. ‘ओ’ गटात हा पाया तसाच उघडा असतो. बॉम्बे गटात पायाच नसतो. त्यामुळे अंगी ‘ए’ किंवा ‘बी’चे जनुक असूनही ते दिसत नाही, आणि केवळ ‘ए’ व ‘बी’ यांचीच चाचणी केली तर उत्तर ‘ओ’ येते. परंतु अशा व्यक्तीच्या रक्तद्रवात ‘एच’विरोधी प्रतिपिंडे (‘एच’ असलेल्या पेशींवर हल्ला करणारी प्रथिने) असल्याने ‘ओ’ गटाचे रक्त तिला जीवघेणे ठरते. रक्तद्रवाची ‘ओ’ पेशींशी गाठ घालून पाहिली की हे उघड होते. रक्तपेढीने जुळणी न करता पिशवी दिली नाही, हे आपले सुदैव.

आईवडिलांचे गट पाहून कोणी कुजबुज करीत असेल तर त्याला हे समजावून सांगावे. दोघांकडून एकेक सदोष ‘एच’ जनुक आले की असे मूल जन्मते, आणि सख्ख्या भावंडांत तीच शक्यता चारात एक असते. म्हणून आपण सर्व भावंडांनी तपासणी करून घ्यावी, कारण गरजेच्या वेळी जुळणारा दाता घरातच सापडण्याचा संभव सर्वांत अधिक. भारतात हा गट साधारण दहा हजारांत एकाला असतो. नात्यातल्या लग्नांत त्याची शक्यता वाढते; मामाच्या मुलीशी लग्नाची चाल आपल्याकडे अजून आहे, तेव्हा आईवडिलांचे नाते असल्यास डॉक्टरांना सांगावे. भावाचे कार्ड आजच बदलून घ्यावे.

प्रश्न : मुलगा तालमीत राहतो. त्याची नाडी सकाळी ४८ भरते. हृदय अशक्त आहे का? (करवीर)

उत्तर : बहुधा उलट आहे. जोर-बैठकांनी आणि धावण्याने कसलेले हृदय एका ठोक्यात अधिक रक्त फेकते, त्यामुळे विश्रांतीच्या वेळी लागणारे मिनिटाचे पाच लिटर कमी ठोक्यांत भागतात. मात्र मेहनत करताना भोवळ येत असेल किंवा घराण्यात कोणाचा तरुणपणी अचानक मृत्यू झाला असेल, तर ईसीजी आणि टू-डी इको केल्याखेरीज त्याला आखाड्यात उतरवू नये.

प्रश्न : शिवजयंतीच्या शिबिरात आमच्या मंडळाने रक्त फुकट दिले. नंतर नातलगासाठी रक्तपेढीने पैसे घेतले. ही विक्री नव्हे का? (शिवाजी पेठ)

उत्तर : नाही. सर्वोच्च न्यायालयाच्या १९९६ च्या निकालानंतर १ जानेवारी १९९८ पासून पैसे घेऊन रक्त देण्यावर बंदी आहे. आपण भरले ते प्रक्रियाशुल्क : एचआयव्ही, काविळीचे बी व सी विषाणू, उपदंश आणि मलेरिया यांच्या चाचण्या, घटक वेगळे करणे, साठवण आणि जुळणी यांचा तो खर्च. पावती जरूर मागावी. थॅलेसेमिया, हिमोफिलिया आणि सिकल सेलच्या रुग्णांना या शुल्कातून सूट आहे.

माझी तक्रार मंडळांकडे आहे. जयंतीच्या एकाच दिवशी पेठापेठांतून शिबिरे होतात, आणि एप्रिल-मेमध्ये महाविद्यालये बंद झाली की रक्तपेढ्या दाते शोधत फिरतात. तांबड्या पेशी ३५ ते ४२ दिवस टिकतात, प्लेटलेट जेमतेम पाच. फेब्रुवारीतली पिशवी मेमध्ये कामाला येत नाही. पुरुषांना दर तीन महिन्यांनी आणि स्त्रियांना दर चार महिन्यांनी रक्त देता येते. तेव्हा फलकावरची तारीख ठरवण्याआधी रक्तपेढीला फोन करून कोणत्या आठवड्यात गरज आहे ते विचारावे, आणि दात्यांची यादी दोन-तीन तुकड्यांत वाटून घ्यावी.